बटणाची वीस मिनिटं

बाबांच्या शर्टाला सहा बटणं आहेत. कॉलरचं धरलं तर सात, पण ते त्यांनी बत्तीस वर्षांच्या मास्तरकीत कधी लावलं नाही. चार महिन्यांपूर्वी मला हा हिशोब ठाऊक नव्हता. आता आमच्या वाईच्या घरात त्यावरून दोन तट पडले आहेत. आई म्हणते, सहा बटणांना अर्धं मिनिट पुरतं. आत्याचं म्हणणं, वीस मिनिटं लागली तरी लागू द्यावीत.

चैत्रातल्या एका सकाळी, अकराच्या सुमाराला, शब्दकोडं सोडवताना बाबांच्या हातातून पेन गळून पडलं. बोलायला गेले तर शब्द लडबडले. हात अवघडला असेल म्हणून आईने तेल कोमट करून चोळलं. शेजारचं कोणी म्हणालं, अंगावरून वारं गेलं, पडू द्या जरा. साताऱ्याला पोचेपर्यंत संध्याकाळचे पाच वाजून गेले. मेंदूच्या डाव्या बाजूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. ती विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि ती वेळ टळून गेली होती. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही एकदम गेलं. नवव्या दिवशी घरी सोडलं तेव्हा हातात गोळ्यांचा कागद होता. पलंगावरचा माणूस खुर्चीत कसा न्यायचा, हे मात्र कोणी करून दाखवलं नाही.

आत्या बाबांची धाकटी बहीण. पुण्यात सरकारी इस्पितळात चौतीस वर्षं सिस्टर होती, आता निवृत्त आहे. मीही पुण्यातच नोकरी करते आणि शनिवार-रविवार वाईला येते. श्रावणातल्या एका रविवारी दुपारी बाबांचा डोळा लागला होता. पडवीत बसून आम्ही तिघी घेवडा निवडत होतो. तेव्हाचं हे बोलणं, आठवेल तसं उतरवलं आहे.

आत्या: वहिनी, सकाळी मी दारातून बघत होते. दादा डाव्या हाताने तिसऱ्या बटणापर्यंत आला होता. तू आलीस आणि उरलेली तीन लावून मोकळी झालीस.

आई: कुकर झाला होता, फिजिओचा मुलगा यायच्या बेतात होता आणि हे घामाने निथळत होते. मी काय करायला हवं होतं?

आत्या: बघत बसायला हवं होतं.

आई: बघत बसणं तुम्हाला सोपं वाटतं, वन्सं. बटण हुकलं की हे ज्या नजरेने माझ्याकडे बघतात, त्या नजरेने तुमच्याकडे बघत नाहीत. अडतीस वर्षांत इस्त्रीची घडी मोडलेली चालली नाही ह्यांना. दहावीच्या वर्गाला दरारा होता ह्यांचा. तो माणूस काज शोधत बसतो आणि मी हाताची घडी घालून उभी राहू? सेवा म्हणतात का ह्याला?

आत्या: मी सेवा म्हणते. थांब, वही दाखवते.

तिच्या पिशवीतून दोनशे पानी वही निघाली. बार्थेल निर्देशांक नावाचा एक तक्ता असतो. तो १९६५ सालापासून वापरात आहे. रोजची दहा कामं आणि एकूण १०० गुण: जेवणाला १०, आंघोळीला ५, दाढी-दात-केसांना ५, कपड्यांना १०, पलंगावरून खुर्चीत येण्याला १५, चालण्याला १५ आणि असंच पुढे. मास्तरांच्या घरात ही भाषा सगळ्यांना कळते.

आत्या: शौच आणि लघवीवर ताबा आहे, त्याचे वीस. संडासात थोडी मदत लागते, पाच. पलंगावरून खुर्ची, आधाराने, दहा. आधाराने चालतो, दहा. झाले पंचेचाळीस. जेवण शून्य, दाढी-दात शून्य, कपडे शून्य, आंघोळ शून्य, जिना शून्य.

आई: जेवण शून्य कसं? डाव्या हाताने चमचा धरता येतो की त्यांना.

आत्या: येतो. पण भरवतेस तू. ह्या तक्त्याचा नियमच असा आहे की माणसाला काय करता येईल ते लिहायचं नाही, तो रोज काय करतो ते लिहायचं. चमचा त्याच्या हातात दिलास तर पाच. ब्रश आणि कंगवा दिलास तर पाच. निम्मे कपडे त्याने घातले तर पाच. म्हणजे साठ. दादाचे पंधरा मार्क तुझ्या हाताने कापले गेलेत, वहिनी.

आईने घेवड्याची शीर ओढली ती तुटेस्तोवर. मग वही हातात घेऊन दहाही ओळींवरून बोट फिरवलं.

आई: ह्यात माझं काम कुठे लिहिलंय?

आत्या: तुझं नाही. हा रुग्णाचा तक्ता आहे.

आई: तेच म्हणते मी.

आत्या गप्प बसणारी नव्हे. तिने बाजू बदलली आणि हाताचा विषय काढला.

आत्या: ह्यात सेवाभावाचा प्रश्न नाही. मेंदूचा आहे. जो भाग गेला तो परत येत नाही. शेजारचा भाग त्याचं काम शिकतो, पण शिकवणी लागते, आणि ती शेकडो वेळा. नाहीतर उलटं शिकतो. एडवर्ड टॉब नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवून दिलंय, हात हलू शकत असला तरी वापरला नाही, की मेंदू त्याला विसरायला शिकतो. त्यावरून उपचारच निघाला. चांगल्या हातात दिवसभर मोजा अडकवून ठेवायचा, की अधू हाताला पर्याय राहत नाही. दोन आठवडे. २००६ मध्ये अमेरिकेतली मोठी चाचणी छापून आली, फायदा दिसला.

आई: मग ह्यांचा डावा हात बांधणार का आता?

आत्या: नाही. त्याला मनगट आणि बोटं थोडी तरी उघडायला लागतात. दादाची अजून तेवढी उघडत नाहीत. जेव्हा उघडतील तेव्हा. तोवर निदान उजवा हात ताटाशेजारी टेबलावर तरी असू दे. मांडीवर मेलेल्या पाखरासारखा पडलेला असतो तो, आणि त्याच्याकडे कोणी बघतसुद्धा नाही.

आई: मी बघते. रोज रात्री तेल लावते.

आत्या: लाव. पण त्या हाताला धरून उठवू नकोस. काल उठवलंस, मी पाहिलं. खांद्याचे स्नायू सैल पडलेत. हाताला ओढ बसली की सांधा खाली सरकतो आणि मग ते दुखणं वर्षानुवर्षं पुरतं. कमरेला पट्टा बांध, तो धर. खुर्ची त्याच्या डाव्या अंगाला ठेव. सदरा घालताना उजवा हात आधी, काढताना डावा आधी.

आई: हे शेवटचं मला पंधराव्या दिवशीच कळलं. सदरा फाडून.

इथे मात्र ती हसली, आणि आत्याही. मला वाटलं, आता आत्याची सरशी. पण आईच्या पदरी चार महिन्यांचा अनुभव होता आणि तिने तो एकेक करून बाहेर काढायला सुरुवात केली.

आई: आता मी एक विचारते. दुपारी तुम्ही ह्यांना पाण्याचा पेला दिलात. प्यायल्यावर आवाज ऐकलात का?

आत्या: ठसका नाही लागला.

आई: ठसका नाही लागला, पण आवाज बुडबुडल्यासारखा आला. घशात पाणी असताना बोलल्यासारखा. तसा आवाज आला की त्या रात्री छाती घरघरते. जेठात दोनदा ताप आला तो त्यानेच, हे मला तिसऱ्या वेळी कळलं. तेव्हापासून पातळ काही देत नाही. पेज दाट, ताक दाट, वरण भाताला धरून राहील एवढं. पाणीसुद्धा चमच्याने, उशा लावून ताठ बसवून, हनुवटी जराशी खाली घेऊन. आणि जेवल्यावर अर्धा तास आडवं होऊ देत नाही.

आत्याने निवडणं थांबवलं. तिने इस्पितळात अशा घशांचे रुग्ण पाहिले होते. ठसका न लागताही पाणी श्वासनळीत उतरतं, हे तिला ठाऊक होतं. तरी आज दुपारी तिच्या नजरेतून ते सुटलं होतं.

आत्या: हे तुला कोणी सांगितलं?

आई: कोण सांगणार? तुम्ही आठवड्याला एकदा बघता, मी घोटाघोटाला बघते. तुम्ही म्हणता भरवू नकोस. भरवताना मी घसा बघत असते, वन्सं. हातात चमचा दिला तर हे घाईने खातात. आयुष्यभर मधल्या सुट्टीत जेवलेला माणूस आहे.

आत्या: मग चमचा त्याच्या हातात आणि तुझा हात त्याच्या मनगटावर. घास लहान, गिळल्यावर दुसरा. भरवणं आणि लक्ष ठेवणं वेगळं आहे.

आई: वेगळं आहे. पण त्याला पाऊण तास लागतो. भरवलं तर पंधरा मिनिटं.

वाद इथेच घुटमळत होता, पण त्या क्षणी ते कोणाच्या लक्षात आलं नाही. आतून बाबांची हाक आली: "बे!"

बाबा गणिताचे मास्तर. आजारानंतर त्यांच्या तोंडून 'पाणी' निघत नाही, आईचं नाव निघत नाही, पण पाढे निघतात. एकदा 'बे एके बे' सुरू करून दिलं की वीसपर्यंत गाडी घसरत नाही. संध्याकाळी आरती लागली की तीही शब्दासकट म्हणतात. पहिल्यांदा हे घडलं तेव्हा आम्हाला वाटलं, वाचा आली. आरती संपली आणि शब्दही संपले.

आई उठून आत गेली, उशी सारखी केली, चार चमचे पाणी दिलं, परत आली.

आत्या: पाणी हवं होतं हे तुला कसं कळलं?

आई: आखूड 'बे' म्हणजे पाणी. लांब 'बे' म्हणजे कूस बदलायची. दोनदा म्हणजे संडास.

आत्या: वहिनी, तू त्याच्या तोंडातला शब्द यायच्या आधीच काढून घेतेस. 'बे'ने काम भागतंय तर तो 'पा' कशाला म्हणेल? पाढे, आरत्या, शिव्या हे पाठ झालेलं असतं, ते मेंदूत वेगळ्या वाटेने येतं. मनातलं नवं वाक्य जुळवायची वाट बंद झालीय. १८६१ साली पॅरिसला ब्रोका नावाच्या डॉक्टरने पहिल्यांदा त्या जागेवर बोट ठेवलं. त्याचा रुग्ण कशालाही फक्त 'टॅन' म्हणायचा. पण समोरच्याचं बोलणं त्याला बरंचसं कळायचं. दादालाही कळतं. म्हणून त्याला वेळ द्यायचा. 'पाणी हवं की चहा?' असं विचारायचं, आणि थांबायचं. चालीवर म्हणायला लावायचं. सूर पकडून शब्दाकडे न्यायची पद्धत १९७३ पासून आहे.

आई: तहान लागलेल्या माणसाला चालीवर पाणी मागायला लावू?

आत्या: तहान लागलेली असते तेव्हाच शब्द येतो.

आई: ते इस्पितळात ठीक आहे. इथे तो माझा नवरा आहे.

काही वेळ घेवड्याच्या शिरा निघत राहिल्या. मग आई ताटाकडे बघतच बोलली.

आई: एक सांगू का? ते तेल. ते नसतं चोळत बसले, तर?

मेंदूचा रक्तपुरवठा तुटला की सरासरी मिनिटाला १९ लाख चेतापेशी मरतात. हा आकडा मी वाचला होता. आत्याने तर तो शिकाऊ नर्सना शिकवला होता. अकरा ते पाच, सहा तास. गुणाकार करायला बाबांच्या वर्गात बसावं लागत नाही. मी आत्याकडे बघितलं.

आत्या: तू त्याला एकटं सोडलं नाहीस. आणि तोंड वाकडं, हात लुळा, बोली अडखळती, ह्यातलं एक जरी दिसलं तरी तसंच उचलून मेंदूचं स्कॅन होतं तिथे न्यायचं, हे तुला कोणी सांगितलं होतं का? मी नर्स. मी तरी कधी घरात सांगितलं होतं का? आता गल्लीत सांगत फिर. दादाच्या बीपीच्या गोळ्या एक दिवस चुकवू नकोस, लोणच्याची बरणी माळ्यावर टाक. पुढचा झटका टाळणं आपल्या हातात आहे. मागचा नाही.

आकडा तिने सांगितला नाही. जाणकार माणसाने कुठे थांबावं, ते त्या दुपारी मी तिच्याकडून शिकले.

आई: त्यामुळेच हात पुढे जातो माझा. तेव्हा उशीर केला, आता तरी करू नये असं वाटतं. 'बे' म्हटलं की पळते.

आत्या: हे मला कळायला हवं होतं.

आई: आणि रडतात तेव्हा? परवा टीव्हीवर पालखी दाखवत होते तर ढसाढसा रडले. तुम्ही म्हणालात लक्ष देऊ नकोस.

आत्या: ते दुःखाचं रडणं नसतं गं. मेंदूचा ब्रेक सैल झालेला असतो. पालखी बघून रडेल, जाहिरात बघून रडेल, कधी हसू आवरणार नाही. विषय बदलला की थांबतं. आपण कवटाळून बसलो तर तो आणखी घाबरतो.

आई: ते मला कळलंय. ते येतं आणि जातं, पावसाच्या सरीसारखं. मी दुसरं सांगतेय. रात्री दोनला उठते तर हे जागे असतात. डोळ्यांत पाणी नसतं. भिंतीकडे बघत असतात. जेवण निम्म्यावर आलंय. पूर्वी फिजिओचा मुलगा आला की सरसावून बसायचे, आता तोंड फिरवतात. हे सरीसारखं नाही.

आत्या: कधीपासून?

आई: तीन आठवडे झाले.

आत्या: आणि मी बटणं मोजतेय. उद्याच डॉक्टरांना सांगायचं. मेंदूच्या झटक्यानंतर तीनात एकाला तरी नैराश्य गाठतं. त्यावर औषध असतं. ते नाही दिलं तर माझी वही, तुझी पेज, सगळं फुकट. माणसाला उठावंसंच वाटलं नाही तर उठवणार कोणाला?

मी एवढा वेळ ऐकतच होते. आता राहवलं नाही आणि मध्ये तोंड घातलं. २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये भारतातलीच एक मोठी चाचणी छापून आली होती. १४ रुग्णालयं, १२५० रुग्ण. निम्म्यांच्या घरच्या माणसांना व्यायाम आणि शुश्रूषा शिकवून घरी पाठवलं, निम्म्यांना नेहमीसारखंच. सहा महिन्यांनी बघितलं तर दोन्हीकडे ४७ टक्के माणसं एकतर गेली होती किंवा दुसऱ्यावर अवलंबून होती. घरच्यांना शिकवल्याने निकाल हलला नव्हता.

आत्या: तू कुणाच्या बाजूने बोलतेयस? व्यायाम निरुपयोगी आहे असं ती चाचणी म्हणत नाही.

आई: काय म्हणते मग?

आत्या: म्हणते की जाणकाराचं काम थोडंफार शिकवून घरच्यांवर सोपवलं, तर त्याने भागत नाही.

आई: म्हणजे सगळं घरच्या बाईच्या पदरात टाकून चालत नाही. एवढं कळायला १२५० माणसं लागली? मला विचारायचं.

आत्याकडे उत्तर नव्हतं. आईचं मात्र अजून संपलं नव्हतं.

आई: तुमचं एकही म्हणणं चूक नाही, वन्सं. बटणं वीस मिनिटं, जेवण तीन वेळा पाऊण पाऊण तास, 'पा' म्हणेपर्यंत पाच मिनिटं, संडासापर्यंत चालत नेणं पंधरा, चेंडू दाबणं, पाय उचलणं, दर दोन तासांनी कूस. मी बेरीज केलीय, मास्तरांची बायको आहे. ही मिनिटं कोणाची? ह्यांची नाहीत. हे कुठे जाणार आहेत? ती माझी आहेत. आणि मी एकसष्टची आहे, गुडघा गेलाय. मे महिन्यापासून सलग चार तास झोपलेले नाही. अर्ध्या मिनिटात बटणं लावते तेव्हा साडेएकोणीस मिनिटं वाचतात. त्यातली दहा मी नुसती ओट्याला टेकून उभी राहते. आळशीपणा म्हणा.

आत्या: नाही म्हणत.

आई: आणि तू गं? रविवारी येऊन चाचण्या सांगतेस. सल्ल्याला रविवार पुरतो. सोमवारी सकाळी सहाला लघवीचं भांडं कोण धरतं?

ह्याला मला काही बोलता आलं नाही. अजूनही येत नाही.

आत्या: ब्युरोचा माणूस ठेवू. मी निम्मे पैसे देते.

आई: ठेवला होता पंधरा दिवस. बारा तासांचा. चांगला होता बिचारा, पण तो माझ्याहून जास्त करायचा. आंघोळ, कपडे, भरवणं, सगळं चटाचटा. त्याला पगार कामाचा मिळतो. थांबण्याचा कोण देणार?

आत्या: मुंबईला हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसनाची संस्था आहे. पायाच्या पट्ट्यापासून सगळं तिथे पारखून देतात.

आई: दाखवायला जाऊ एकदा. पण राहायचं कुठे आणि किती दिवस? शेजारच्या काकी म्हणतात राजस्थानात बुटाटीला न्या, सात दिवस राहायचं, देवळाला फेऱ्या घालायच्या, अर्धांगवायू बरा होतो. तुमच्या भाचीने नाक मुरडलं.

आत्या: मी नाही मुरडणार. बरा होतो म्हणणार नाही. पण सात दिवस रोज ठरल्या वेळी उठून, माणसांत मिसळून फेऱ्या घालायच्या आणि कोणी 'घाई कर' म्हणायचं नाही. आपण घरी तेवढं तरी करतो का? फक्त गोळ्या बंद करा म्हणाले तर तिथूनच परत फिरायचं.

आई: सहा महिन्यांनी जेवढं आलं तेवढंच, पुढे काही नाही, असं तो फिजिओचा मुलगा म्हणतो. आता दोनच महिने राहिलेत.

आत्या: पहिल्या तीन महिन्यांत चढ वेगाने होतो, सहानंतर मंदावतो. थांबत नाही. दोन वर्षांनी हाताचं एखादं बोट उघडलेलं मी पाहिलंय. आणि चार वर्षं मान मोडून व्यायाम करूनही काही न उघडलेलंही पाहिलंय. तुला खोटं नाही सांगणार.

आई: हे बरं केलंत. रोज कोणी ना कोणी येऊन सांगतं, 'होतील हो बरे'. ऐकून कान किटले. बरे म्हणजे पूर्वीसारखे, असं गृहीत धरतात. मला पूर्वीसारखे नकोत. ह्यांना सकाळी उठावंसं वाटलं आणि मला रात्री झोप मिळाली, तरी पुरे.

एवढं बोलून तिने घेवड्याचं ताट बाजूला सारलं. पुढचं इतक्या सहजपणे म्हणाली की आम्हाला कळायला क्षणभर लागला.

आई: मी चार दिवस फलटणला जाते. भावाकडे. तुम्ही राहा.

आत्या: आत्ता?

आई: उद्या सकाळच्या गाडीने. तुमच्या पद्धतीने करा सगळं. वीस मिनिटं बटणांना द्या, मी विचारणार नाही. माझं एवढंच, पातळ पाणी द्यायचं नाही.

आत्या: आणि उद्याचे डॉक्टर?

आई: तुम्ही न्या. तुमचं ऐकतील.

त्या रात्री आमची वाटणी ठरली. रडत-कुढत नाही, मास्तरांच्या घरी वेळापत्रक ठरतं तशी. सकाळ बाबांची: कपडे, दात, न्याहारी त्यांच्या गतीने, मग कितीही वाजोत. संध्याकाळ आईची: भरवायचं तर भरवावं, 'बे'ला पाणी द्यावं, कोणी तिला बोलायचं नाही. महिन्यातले आठ दिवस आत्या येणार. मी शुक्रवारी रात्री येऊन सोमवारी सकाळचं सगळं आवरून परत जायचं आणि माझ्या भावाने ब्युरोच्या माणसाचे पैसे द्यायचे. तो माणूस फक्त रात्रीचा, आईच्या झोपेसाठी. आत्याने वहीत दहा ओळींखाली अकरावी ओढली: 'वहिनी, झोप, तास'. तिला गुण नव्हते.

सोमवारी सकाळी आई पिशवी घेऊन निघाली. बाबांनी तिच्याकडे पाहून लांब 'बे' म्हटलं. तिचा पाय अडला. आत्या पुढे झाली, तिने बाबांची कूस बदलली आणि आईला म्हणाली, "गाडी चुकेल."

मी त्या दिवशी रजा टाकली होती, मंगळवारी पुण्याला परतले. बुधवारी संध्याकाळी आईचा फलटणहून फोन आला. आवाज झोपेतून उठल्यासारखा जड होता. आत्याला विचार कसं चाललंय, मी विचारलं तर तिला वाटेल मी तपासतेय, असं म्हणाली. मी तिघींचा फोन एकत्र जोडला.

"डॉक्टरांनी औषध सुरू केलंय," आत्या म्हणाली. "दोन-चार आठवडे लागतील म्हणाले. ताक दाटच देतेय. आणि वहिनी, दादा बोलला. नवा शब्द."

"काय म्हणाले?"

"गाढव."

"कोणाला?"

"मला. स्पष्ट. 'ढ'सकट. शिवी आहे, पाठचीच आहे, मला माहितीय. पण माझ्याकडे बघून म्हणाला."

फलटणच्या बाजूने आधी काहीच ऐकू आलं नाही. मग आई हसतेय हे कळलं. चैत्रानंतर मी तिचं इतकं मोकळं हसणं ऐकलं नव्हतं.

"कशावरून म्हणाले?"

"बटणावरून. चार लावली होती, पाचवं काही केल्या जाईना. वीस मिनिटं होऊन गेली होती."

"मग?"

आत्या जरा वेळ बोलली नाही.

"मग काय," ती म्हणाली, "मी लावलं."